हनुवटीखालची दोन बोटं

माझ्या नणंदेला सगळं शहर बेडूकताई म्हणतं. खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही, इतकं हे नाव तिच्या अंगवळणी पडलंय. नगरपालिकेच्या जुन्या जलतरण तलावावर ती मुलांना पोहायला शिकवायची. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला काठावरच्या ओल्या फरशीवर बेडकासारखं बसवायची, उड्या मारायला लावायची आणि स्वतःही मारायची. पन्नाशीकडे झुकलेली बाई, अंगात काळा पोहण्याचा पोशाख, डोक्याला रबरी टोपी आणि तोंडानं डरांव डरांव! बघणाऱ्याला वाटावं, हिचं डोकं फिरलंय. पण तिच्या हाताखालून गेलेलं एक मूल कधी पाण्याला घाबरलं नाही.

मी तिची भावजय. वयानं तिच्याहून मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. आमच्या घरात गप्प बसण्याचं काम तिच्याकडे आणि तिच्या भावाकडे, भांडायचं खातं माझ्याकडे. तेव्हा पुढचं सगळं मी चिडूनच सांगणार आहे. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी आमच्या क्रीडासाहेबांचं, म्हणजे शहराच्या क्रीडा अधिकाऱ्यांचं, भाषण ऐकावं. ते अजूनही ते भाषण हौसेनं करतात.

तर तिची शिकवण्याची पद्धत. उथळ बाजूला ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची. मुलाला पाण्यावर पालथं सोडायचं आणि हनुवटीखाली फक्त दोन बोटं लावायची. पोटाला धरायचं नाही, दंडाला धरायचं नाही, हवा भरलेल्या फुग्यांचे लाड तर अजिबात नाहीत. मूल किंचाळायचं, "बेडूकताई, सोडू नका हं!" ती म्हणायची, "सोडते कशाला? ही बघ बोटं." आणि गप्पा मारता मारता, शाळेत काय झालं, डबा कुणी खाल्ला, असं विचारत ती पाण्यातून उलटी उलटी चालत जायची. मधेच कधीतरी बोटं काढून घ्यायची. पण हात तिथेच ठेवायची, हनुवटीच्या खाली वीतभर. मूल समोरच्या भिंतीला टेकलं की मग हात वर करून दाखवायची, "बघ रे, मी कधीच सोडलं होतं." मग त्या पोराचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

या सगळ्याला एकच गोष्ट लागते. शिकवणाऱ्याचे पाय तळाला टेकलेले हवेत. बस. एवढंच लक्षात ठेवा.

मग आमच्या शहराला खेळांची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवायला मिळाली. बातमी आली त्या दिवशी लोक भर रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होते, जणू पदकं वाटून झाली. आमचं शहर ना धड मोठं, ना धड लहान. बाहेर कुणी नाव विचारलं की आम्ही आधी शेजारच्या मोठ्या शहराचं नाव सांगतो आणि म्हणतो, त्याच्या अलीकडे. आता म्हणे सगळं जग आम्हाला ओळखणार होतं.

नगरभवनात नव्या क्रीडासंकुलाचं मॉडेल मांडलं. स्टेडियम, झाडं, बोटभर उंचीची माणसं, सगळं अगदी नेटकं. जलतरण तलावाच्या जागी निळी काच बसवली होती, लख्ख. सगळं शहर रांगेत उभं राहिलं, त्या काचेवर वाकलं, त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि म्हणालं, वा! काचेत खोली दिसत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या नणंदबाईंनी मात्र विचारलं. साहेब शेजारीच उभे होते, कोटाला बिल्ला लावून.

"साहेब, यात उथळ बाजू कुठली?"

साहेब हसले. "मॅडम, सगळं आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे. आणि स्पर्धा झाली की तलाव तुमचाच!"

आता यात उत्तर कुठे आहे, सांगा. पण आमच्या लोकांची खोडच ती. मोठ्या माणसानं हसून काहीही सांगितलं की आम्ही ते 'हो' म्हणून घरी घेऊन येतो. संध्याकाळी ती भावाला सांगत होती, "दादा, उथळ बाजूसुद्धा आंतरराष्ट्रीय आहे." आणि तो मान डोलावत होता. भावंडं शोभतात अगदी.

जुना तलाव पाडायचा ठरला तेव्हा काही पालक कुरकुरले. त्यांना समजवायला ही घरोघर गेली. "नवीन होतोय हो, कशाला अडवता?" स्वतःच्या हातानं तलावाच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली नेऊन दिली. नगरपालिकेची नोकर असल्यामुळे तिला कामावरून काढता येत नव्हतं. म्हणून तोपर्यंत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. पाण्यातली बाई, तिला काचेमागे कोंडलं. तरी ती खूश! खिडकीवर बाळाच्या जन्माची नोंद करायला कुणी आलं की सांगायची, "चालायला लागला की पाठवून द्या हं माझ्याकडे."

आमच्या कोपऱ्यावर एका लाँड्रीवाल्याचं दुकान आहे. त्याची तीन मुलं, दोन मुलगे आणि त्यांच्यापाठची एक चिमुरडी. मोठा मुलगा बेडूकताईच्या शेवटच्या तुकडीत शिकला, अगदी मासोळीसारखा. धाकट्याचा नंबर पुढच्या उन्हाळ्यात लागायचा होता आणि नेमका त्याच वर्षी तलाव गेला. लाँड्रीवाला इस्त्री थांबवून विचारायचा, "ताई, याला मीच कुठेतरी नेऊन शिकवू का? भावाचं बघून हट्ट धरलाय यानं."

ही म्हणायची, "छे छे, थांबा हो. उगाच चुकीची सवय लागेल. नवीन तलाव होऊ दे, मी शिकवते की त्याला." तो बिचारा थांबला. आणि ही अगदी मनापासून सांगत होती, तेच तर दुखणं आहे.

स्टेडियमसाठी दगड लागला तो आमच्या वस्तीच्या मागच्या माळावरून काढला. ट्रक जाऊन जाऊन रस्त्याची चाळण झाली, घरातल्या भांड्यांवर धूळ. काम संपलं तेव्हा तिथे खाणीचा हा एवढा मोठा खड्डा राहिला. खड्डा बुजवायचा की कुंपण घालायचं, हे ठरवणारी माणसं तोवर पाहुण्यांसाठी दिव्यांचे खांब रंगवण्यात गुंतली होती. पावसात खड्डा भरला. लांबून बघितलं तर छान निळं पाणी दिसायचं, त्या मॉडेलातल्या काचेसारखंच.

स्पर्धा आली आणि गेली. त्या आठवड्यात आम्हाला आमचंच शहर ओळखू येईना. रस्ते धुतले, भटकी कुत्री कुठे नेली देव जाणे, भाजीवाल्यांना उठवलं. स्वयंसेवक हवे होते म्हणून नणंदबाईंनी आधीच नाव दिलं होतं. पाठीवर मोठा शिक्का असलेलं पिवळं जाकीट मिळालं. ते तिनं घरात तीनदा घालून दाखवलं. वाटलं होतं, तलावाच्या काठावर उभं करतील. उभं केलं गाड्यांच्या वाहनतळावर! आयुष्यभर ज्या बाईनं या शहराला पोहायला शिकवलं, ती उन्हात हात हलवून सांगत होती, गाड्या डावीकडे घ्या, गाड्या डावीकडे घ्या.

"अगं, तुला लाज नाही वाटली?" मी विचारलं. "तोंडावर फेकायचं ना जाकीट!"

"वहिनी, तिथपर्यंत पाण्याचा वास येत होता," ती म्हणाली. आता अशा बाईला काय बोलणार? मान भाजली होती तिची, त्यावर मी थंड फडकं ठेवलं आणि गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे बघा.

पाहुणे गेले, झेंडे उतरले आणि नव्या तलावाला कुलूप लागलं. देखभाल चालू आहे म्हणे. पुढे एकदा नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना आत नेऊन सगळं दाखवलं. हिनं कपड्यांखाली पोशाख घालूनच नेला होता! विचारून पाण्यात उतरली. कठडा धरला, पाय खाली सोडले. तळ लागेना. कठडा धरून पुढे सरकली, तिथेही तेच. दुसऱ्या टोकाला गेली, तिथेही तेच. सगळीकडे पुरुषभर खोल, वर आणखी हातभर. तिथला माणूस कौतुकानं सांगत होता, पाणी असं सारखं खोल असलं की लाटा कमी उठतात, शर्यतीत वेळ चांगली लागते. शर्यत आठवड्याभराची आणि खोल पाणी जन्मभराचं! मुलांसाठी वेगळा तलाव नकाशात होता, पण पैसे आणि वेळ दोन्ही कमी पडले म्हणून तिथे पाहुण्यांची बसायची जागा केली. अहो, जगभरचे पोहणारे इथे पाण्यात शिरले आणि आमच्या पोरांना पाय टेकायला जागा नाही!

आणि तलाव उघडल्यावरचा नियम ऐका. तलावात येण्याआधी पोहून दाखवायचं. ज्याला पोहता येतं त्यालाच प्रवेश. ज्याला शिकायचंय त्यानं काय करायचं? तर आधी शिकून यायचं. कुठून? ते नियमात नाही. हे ज्यानं लिहिलं त्याला एकदा मला भेटायचंय, फक्त एकदा.

आणि त्या उन्हाळ्यात लाँड्रीवाल्याचे दोघं मुलगे त्या खाणीवर गेले. मोठ्यानं सूर मारला. धाकट्यानं भावाचं बघून सूर मारला.

मोठा वर आला. त्यानं खूप बुड्या मारल्या, लोक सांगतात, त्याचे डोळे रक्तासारखे झाले होते. पण खाणीचं पाणी गढूळ आणि खाली दगड. दोघंही एकाच घरातले, एकाच ताटात जेवणारे. फरक एवढाच की एकाचा नंबर तलाव पाडायच्या आधी लागला आणि दुसऱ्याचा नंतर.

नोंद करायला लाँड्रीवाला खिडकीवर आला. काचेच्या पलीकडे तो, अलीकडे बेडूकताई. दुसऱ्या कुणाला तरी बसव म्हणून मी तिला सकाळीच सांगितलं होतं, पण ती ऐकेल तर शपथ. विचारायचं ते तिनं विचारलं. नाव, वय. मृत्यूचं ठिकाण? तो म्हणाला, "तुमच्या स्टेडियमची खाण." तिनं काय लिहिलं मला माहीत नाही. त्यानंतर तो आमच्याशी बोलेनासा झाला. आमचे यजमान कपडे घेऊन गेले की तो कपडे घ्यायचा, इस्त्री करायचा, घडी पुढे सरकवायचा, पण मान वर करायचा नाही. आणि नणंदेनं त्या कोपऱ्यावरून जायचंच बंद केलं. कामावर जायला मागच्या गल्लीतून वळसा घालायची.

जेवताना घास हातातच राहायचा तिचा. एकदा म्हणाली, "वहिनी, मीच थांबवलं त्यांना."

मी भडकले. "तू थांबवलंस? आणि ज्यांनी थांबवलं ते बसलेत की एसीत! खड्डा तू खणलास? तळ तू खोल केलास?" पण रागानं सांगितलेलं माणसाच्या पोटात उतरत नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. ती नुसती स्वतःच्या दोन बोटांकडे बघत बसली.

अशात नगरभवनात कार्यक्रम ठेवला. विषय काय? तर 'स्पर्धेनं आपल्या शहराला काय शिकवलं'. मी नणंदेला ओढतच घेऊन गेले. मंचावर फुलं, पाण्याच्या बाटल्या, क्रीडासाहेब. साहेब म्हणाले, आपण वेळेचं महत्त्व शिकलो. आपण पाहुणचार शिकलो. वाहतुकीची शिस्त शिकलो. आपण मोठं स्वप्न बघायला शिकलो. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उभी राहिले.

"साहेब, आणि पोहायला? पोहायला कुठे शिकायचं आमच्या पोरांनी?"

साहेबांनी माझ्याकडे बघून तेच हसू काढलं, काचेच्या मॉडेलापाशी काढलं होतं ते.

"चांगली सूचना आहे, ताई. आम्ही जरूर विचार करू."

"विचार? एक पोरगं गेलं! त्या खाणीला अजून कुंपण नाही! उथळ बाजू कुठे आहे विचारलं होतं हिनं, तुमच्या तोंडावर विचारलं होतं, तेव्हा का नाही बोललात?"

"ताई, त्या दुर्घटनेचं आम्हालाही दुःख आहे, पण ती खाण आमच्या खात्याकडे येत नाही," साहेब म्हणाले आणि पुढच्या वक्त्याकडे माइक दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसेल. नणंदेनं माझा हात धरून मला बाहेर आणलं.

नगरभवनाला लागूनच संकुलाचं मोठं दार आहे. तिथे स्पर्धेच्या वेळी कारंजं बांधलंय, गोल, आमच्या अख्ख्या घराहून मोठं, आतून निळ्या फरश्या. मधोमध स्पर्धेचं बोधचिन्ह उभं आहे, अंगठा वर करून हसणारं सिमेंटचं पाणमांजर. आयोजकांच्या मते पाणमांजर. आम्ही सगळे त्याला घूस म्हणतो. वीज वाचवायची म्हणून फवारे कधीच बंद केलेत, पण पाणी मात्र गाळून स्वच्छ ठेवतात, कारण बाहेरून कुणी आलं की त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात.

माझा राग मावेना. हसतोय बघा कसा मेला, म्हणत मी पायातली चप्पल काढली आणि त्या घुशीला फेकून मारली. लागली नाही. पडली पाण्यात. आता एका चपलेनं घरी कशी जाणार? कठड्यावर बसले, पाय आत टाकले आणि दिली उडी. म्हटलं आता गेले, मला पोहता कुठे येतंय? एवढी वर्षं घरात बेडूकताई आणि मी कोरडी ती कोरडीच. पण पाय टेकले. चप्पल तरंगत होती, तिच्यामागे मी पाण्यातून थपथप निघाले, कपडे फुगलेले, तोंडानं साहेबांचा उद्धार चालू.

"वहिनी," नणंद काठावरून म्हणाली.

"काय वहिनी? हसू नकोस, सांगून ठेवते!"

ती हसत नव्हती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा जागा झाला होता. "जरा सरळ उभी राहा. पाणी कुठपर्यंत आलं तुला?"

मी खाली बघितलं. "कमरेपर्यंत."

ती कठड्याच्या कडेकडेनं चालत पूर्ण गोल फिरून आली. "आणि तिकडे, घुशीपाशी?"

मी गेले. "इथेही कमरेपर्यंतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिवळं जाकीट घालून कारंज्यात उभी होती. खाली काळा पोशाख, डोक्याला टोपी. काठावर वस्तीतली पोरं बेडकासारखी बसलेली. सुरक्षारक्षक शिट्टी फुंकत धावत आला. "ओ बाई! पाण्यात उतरायला मनाई आहे!" मी भांडायला पदर खोचणार तोच तिनं पाठ वळवून त्याला जाकिटावरचा शिक्का दाखवला. तो गोंधळला. त्यानं वरच्याला फोन लावला. "साहेब, पिवळ्या जाकीटवाल्या मॅडम आहेत... हो, स्पर्धेचंच... पोरं आहेत बरोबर." पलीकडून काय सांगितलं कोण जाणे, त्यानं फोन खिशात टाकला आणि सावलीत जाऊन बसला. त्या जाकिटाचा तेवढा एक उपयोग झाला.

आता रोज वर्ग भरतो. 'पाण्यात उतरू नये' असा फलक लावून गेलेत. पोरं त्यावर टॉवेल वाळत घालतात. नोटीस येणार, असं खिडकीवरचे लोक म्हणतात. येऊ दे. मी घरीच असते दिवसभर, मला वेळच वेळ आहे. फवारे सुरू करतील, पाणी सोडून देतील, काहीही करतील. पोरं शिकताहेत म्हटल्यावर यांना लगेच शिस्त आठवते, खाणीला कुंपण घालायला मात्र अजून कुणी गेलेलं नाही. आणि तिलाही अजून घास नीट जात नाही. एक वर्ग भरला म्हणून झालेलं काही परत येत नाही.

परवा मी टॉवेल धरून काठावर उभी होते आणि लाँड्रीवाला येताना दिसला. दुकान बंद करून आला होता भर सकाळी. बरोबर धाकटी मुलगी, त्याच्या बोटाला धरलेली. नणंदेनंही त्याला बघितलं. तिच्या बोटांवर तेव्हा एक पोर होतं, त्याला तिनं काठाला लावलं आणि ती घुशीपाशीच थांबली, पुढे येईना.

तो कठड्यापर्यंत आला.

"ताई, धाकट्याला तुम्ही थांबायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. एवढंच. माझ्या ओठांवर साहेब आले, खाण आली, काच आली, सगळं आलं. मी गिळलं.

त्यानं मुलीला उचललं आणि कठड्यावर उभं केलं.

"हिला थांबायला सांगू नका."

नणंद पाण्यातून चालत आली. मुलीला दोन्ही हातांनी उतरवून घेतलं. पोरगी बापाकडे बघून रडायच्या बेतात. "आधी बेडूक होऊन दाखव," असं ती प्रत्येकाला म्हणते, ते त्या दिवशी म्हणाली नाही. तिला पाण्यावर पालथं धरलं आणि हनुवटीखाली दोन बोटं लावली.

"सोडणार नाही ना?" मुलीनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि उलटी उलटी चालू लागली. कठड्याच्या बाहेरून लाँड्रीवाला त्यांच्याबरोबर चालत होता. मी मोजत नव्हते, पण कारंज्याच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. त्या दिवशी तिनं बोटं काढली नाहीत.